मंडळाच्या रात्रपाळ्या: एकही जोडी दुसऱ्यांदा एकत्र येऊ नये म्हणून वेळापत्रक कसे मांडावे

गिरगाव, परळ, लालबाग येथील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांमध्ये रात्री पहारा आणि गर्दी सांभाळणारे कार्यकर्ते लहान गटांत विभागावे लागतात, आणि हे गट ठरवण्याचे काम बहुधा चिठ्ठ्यांवर किंवा एखाद्या अनुभवी कार्यकर्त्याच्या स्मरणशक्तीवर सोपवले जाते. दोन्ही मार्गांनी काम चालते, परंतु दरवर्षी त्याच त्या मित्रांच्या टोळ्या एकत्र उभ्या राहतात आणि नव्या मुलांना जुन्यांकडून काही शिकण्याची संधी मिळत नाही. यावर उपाय म्हणून कागदावर मांडता येणारी एक सोपी रीत येथे दिली आहे. उदाहरणासाठी वीस कार्यकर्ते, चार जणांचा एक गट, पाच रात्री आणि पाच ठिकाणे धरली आहेत: मूर्तीजवळ, दर्शनाची रांग, प्रवेशद्वार, प्रसाद आणि रस्त्याकडील बाजू.

प्रथम आपल्याला नेमके काय टाळायचे आहे, हे ठरवावे. वीस जणांतून चौघांचा गट ४,८४५ प्रकारे निवडता येतो, त्यामुळे संपूर्ण गट जसाच्या तसा पुन्हा न येऊ देणे ही अगदी सोपी अट आहे आणि तिने फारसे काही साधत नाही, कारण चारपैकी तिघे तेच राहून एक बदलला तरी ती पाळली जाते. खरी अट जोडीची असावी, म्हणजे एकदा एकत्र काम केलेले कोणतेही दोघे पुन्हा एका गटात येऊ नयेत. वीस जणांच्या जोड्या १९०. चौघांच्या एका गटात सहा जोड्या होतात, म्हणून पाच गटांत एका रात्रीत तीस जोड्या खर्च होतात. १९० ला ३० ने भागल्यास सहा पूर्ण रात्रींपलीकडे जाता येत नाही, हे गट पाडण्यापूर्वीच समजते. ही मर्यादा आधी काढावी, कारण अनेकदा समिती दहा रात्रींचे वेळापत्रक मागते आणि ते करणाऱ्याचा वेळ अशक्य गोष्टीच्या शोधात जातो. चिठ्ठ्या टाकल्या तर दुसऱ्याच रात्री सरासरीने चार ते पाच जोड्या पुन्हा जुळतात, म्हणून त्या मार्गाचा विचार सोडून द्यावा.

आता पाच आडव्या ओळी आणि पाच उभे रकाने असलेली पंचवीस घरांची चौकट आखावी. पहिल्या चार ओळींत १ ते २० क्रमांक ओळीने लिहावेत, म्हणजे पहिल्या ओळीत १ ते ५, दुसरीत ६ ते १०, तिसरीत ११ ते १५ आणि चौथीत १६ ते २०. पाचव्या ओळीत माणसे न लिहिता पाच ठिकाणे लिहावीत. या रीतीची सगळी खुबी या पाचव्या ओळीत आहे, ती कशी ते पुढे दिसेल.

पहिल्या रात्री प्रत्येक उभा रकाना हा एक गट समजावा: १, ६, ११, १६ मूर्तीजवळ; २, ७, १२, १७ रांगेत; आणि याच क्रमाने पुढे. दुसऱ्या रात्री वरच्या ओळीतील घरापासून सुरुवात करून प्रत्येक ओळ खाली उतरताना एक घर उजवीकडे सरकावे, आणि उजवी कड आल्यास पुन्हा डावीकडून मोजावे. त्या रात्रीचे गट असे येतात:

१, ७, १३, १९ : रस्ता
२, ८, १४, २० : मूर्तीजवळ
३, ९, १५, १६ : रांग
४, १०, ११, १७ : प्रवेशद्वार
५, ६, १२, १८ : प्रसाद

तिसऱ्या रात्री प्रत्येक ओळीला दोन घरे सरकावे, चौथ्या रात्री तीन आणि पाचव्या रात्री चार. पहिल्या क्रमांकाचा कार्यकर्ता तिसऱ्या रात्री ८, १५, १७ यांच्याबरोबर प्रसादाकडे, चौथ्या रात्री ९, १२, २० यांच्याबरोबर प्रवेशद्वारावर आणि पाचव्या रात्री १०, १४, १८ यांच्याबरोबर रांगेत असेल. त्याची पाच ठिकाणे पाहिल्यास मूर्ती, रस्ता, प्रसाद, प्रवेशद्वार आणि रांग ही प्रत्येकी एकदाच आली आहेत, आणि हेच प्रत्येक कार्यकर्त्याच्या बाबतीत घडते. ठिकाणांची ओळ माणसांच्या ओळीसारखीच सरकत असल्यामुळे जसे कोणतेही दोघे दोनदा भेटत नाहीत, तसे कोणी एका ठिकाणी दोनदा उभेही राहत नाही. पाळीच्या ठिकाणावरून होणारी कुरबुर त्यामुळे वेगळी मिटवावी लागत नाही.

असे का घडते, हे थोडक्यात पाहावे. दोन कार्यकर्ते दोन वेगवेगळ्या रात्री एका गटात आले, तर त्या दोन रात्रींच्या सरकण्यातील फरकाला त्यांच्या ओळींतील अंतराने गुणल्यावर येणारी संख्या पाचच्या पटीत असली पाहिजे. हा फरक आणि हे अंतर दोन्ही एक ते चारच्या आत असतात आणि पाच ही मूळ संख्या आहे, त्यामुळे त्यांचा गुणाकार कधीही पाचच्या पटीत येत नाही. चार ही मूळ संख्या नाही. म्हणून चारच्या चौकटीत दोन घरे सरकल्यास तिसऱ्या ओळीत पुन्हा पहिल्याच रकान्यात येतो आणि जुनी जोडी जुळते. सोळा जणांचे चार गट पाच फेऱ्यांत जोडी न जुळवता पाडता येतात, परंतु साध्या सरकण्याने नव्हे.

सहाची गोष्ट याहून निराळी आहे. सहा पलटणी आणि सहा हुद्दे यांतील ३६ अधिकारी, प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल असे, चौकोनात उभे करण्याचा प्रश्न गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात मांडला होता आणि ते अशक्य असल्याचे गास्तों तारी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. त्याचा आपल्यापुरता अर्थ असा, की ३६ जणांचे सहा-सहाचे गट तीन फेऱ्यांपलीकडे जोडी न जुळवता नेता येत नाहीत. दहा, चौदा, अठरा या संख्यांनाही ते अशक्य असावे असा ऑयलरचा अंदाज होता, आणि तो १९५९ मध्ये राज चंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी खोटा ठरवला. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. मंडपाच्या बैठकीत कोणी «गणिताचा इथे काय संबंध» असे विचारल्यास हे सांगण्याजोगे आहे.

म्हणून ठिकाणे सहा असतील तर सहाची चौकट आखूच नये. सातची आखावी आणि सातवे ठिकाण म्हणून विश्रांती लिहावी. चार ओळींत २८ कार्यकर्ते बसतात, सात रात्रींचे वेळापत्रक मिळते आणि प्रत्येकाला एक रात्र सुट्टी आपोआप येते.

ओळींत कोणाला लिहावे, याचा विचार सर्वांत जास्त करावा. एका ओळीतील कार्यकर्ते या पाच रात्रींत एकमेकांच्या गटात कधीच येत नाहीत आणि प्रत्येक गटात प्रत्येक ओळीतील एक जण असतोच. म्हणून पहिल्या ओळीत नवी मुले, दुसरीत प्रथमोपचार जाणणारे, तिसरीत विजेचे काम येणारे आणि चौथीत जुने कार्यकर्ते लिहिल्यास दर रात्री दर ठिकाणी या चारही प्रकारांतील एकेक जण मिळतो. प्रथमोपचार जाणणारे तिघेच असतील तर त्या ओळीतील उरलेली दोन घरे इतरांनी भरावीत. मात्र मग दर रात्री दोन ठिकाणे प्रथमोपचाराविना राहतील हे मान्य करावे लागते. एकाच चाळीतले, सतत एकत्र वावरणारे मित्र एका ओळीत लिहिणे हाही एक उपयोग आहे, आणि तो गाजावाजा न करता करावा हे बरे.

सहावी रात्र हवी असल्यास आडव्या ओळीच गट म्हणून घ्याव्यात. तेव्हा चार ठिकाणी पाच-पाच जण होतात, एक ठिकाण रिकामे राहते, आणि १९० जोड्यांपैकी प्रत्येक जोडी बरोबर एकदा येते. दहाही रात्री भरायच्या असतील तर हेच पाच रात्रींचे चक्र पुन्हा चालवावे, म्हणजे कोणतीही जोडी दोनपेक्षा जास्त वेळा येणार नाही.

कार्यकर्ते अठराच असतील तर शेवटची दोन घरे मोकळी सोडावीत. ती एकाच ओळीत असली म्हणजे कोणत्याही गटात दोघे कमी पडत नाहीत. दर रात्री दोन गट तिघांचे आणि तीन गट चौघांचे होतात. ऐन वेळी कोणी गैरहजर राहिल्यास त्याच्या क्रमांकावर बदली माणूस उभा करावा किंवा जागा रिकामी ठेवावी, परंतु दुसऱ्या गटातून माणूस हलवू नये, कारण अशा एका अदलाबदलीने पुढील रात्रींच्या अनेक जोड्या बिघडतात. याच कारणाने फलकावर वेळापत्रक क्रमांकांचे लावावे आणि नावांची यादी शेजारी वेगळी ठेवावी.

एक्सेलमध्ये हे करताना ओळ, रकाना आणि रात्र यांचे क्रमांक शून्यापासून धरावेत. रात्रीच्या क्रमांकाला ओळीच्या क्रमांकाने गुणून त्यात वरच्या ओळीतील रकान्याचा क्रमांक मिळवावा आणि पाचने भागून बाकी घ्यावी, म्हणजे त्या ओळीतील रकाना मिळतो. फलक लावण्यापूर्वी कोणतेही दोन-तीन क्रमांक निवडून त्यांचे पाच रात्रींचे सोबती लिहून काढावेत. प्रत्येकाच्या यादीत पंधरा वेगवेगळे क्रमांक आले आणि त्यांत स्वतःच्या ओळीतील एकही नसला, तर मांडणी बरोबर आहे. एखादा दोनदा आला, तर त्या रात्री उजवी कड ओलांडताना मोजणी कुठे चुकली ते पाहावे.