अडुळशाचा काढा: पान ओळखून, बेतानं

खोकल्याच्या काढ्यासाठी लागणारा अडुळसा विदर्भात सहसा विकत आणावा लागत नाही. पान इतकं कडू की बकरी तोंड लावत नाही, म्हणून तर तो कुंपणाला लावतात. चूक होते ती दोन ठिकाणी. एकतर भलतंच पान तोडलं जातं, नाहीतर पान बरोबर असतं पण मूठभर टाकलं जातं. कडू आहे म्हणजे गुणकारी, मग टाका अजून चार, हा हिशेब इथं चालत नाही. जास्त झालं की मळमळ, उलटी आणि पातळ शौचाला लागणं हे आलंच.

आधी पान. अडुळशाची पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात. वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, आणि कडेला दाते अजिबात नाहीत. हिवाळ्यात पांढरी फुलं येतात. खालच्या पाकळीवर जांभळट रेषा असतात. फुलं असतानाच झाडाला चिंधी बांधून ठेवली की वर्षभर शंका राहत नाही.

चव घेऊन ओळखायला जाऊ नका. कण्हेरही कडूच असते. कण्हेरीची पानं अरुंद, जाड, चामड्यासारखी, आणि बहुधा एका पेरावर तीन. पिवळ्या कण्हेरीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. दोन्हींचं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. अडुळशाला चीक नसतो. वाळलेला चुरा विकत घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: त्यात महारुखाची पानं मिसळलेली सापडतात. महारुखाची कडा दातेरी आणि पानाचं बूड एका बाजूला कललेलं असतं, पण चुऱ्यात हे काहीच दिसत नाही. म्हणून अख्खं पानच घ्यावं.

पान कुठून तोडायचं, हेही बघा. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावराच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, नको. कीडनाशकाचा फवारा वाऱ्यानं धुऱ्यापर्यंत येतो, आणि धुतल्यानं सगळं औषध निघून जाईल याचा भरवसा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते ह्याच औषधांमुळे. आंगणातलं, परसातलं, रस्त्याच्या धुळीपासून लांबचं झाड बरं. अगदी कोवळा शेंडा आणि किडकी, ठिपके पडलेली पानं सोडून मधली पानं घ्या.

दोन मोठ्या माणसांच्या एका वेळेसाठी एवढं लागतं: मध्यम ६ पानं (साधारण १० ग्रॅम), २ गिलास म्हणजे ४०० मिली पाणी, अर्धा इंच आलं, ४ काळे मिरे, तुळशीची ८-१० पानं, गवती चहाची एक पात आणि सुपारीएवढा गूळ. आलं नसेल तर पाव चमचा सुंठ.

भांडं स्टीलचा गंज (उभट पातेलं) किंवा मातीचं घ्या. लोखंडाच्या कढईत काढा काळा पडतो आणि लोखंडाची चव उतरते. कल्हई उडालेलं पितळ नकोच.

पानं दोन्ही बाजूंनी धुवा, मागची लव जरा चोळूनच. हातानं फाडा, पाट्यावर किंवा खलबत्त्यात ओबडधोबड ठेचा. बारीक वाटण करायचं नाही. ते गाळताना फडक्यातून उतरतं आणि घशाला खवखवतं. ठेचलेली पानं, आलं आणि फोडलेले मिरे पाण्यात घालून अर्धा तास तसंच राहू द्या. चुलीवर ठेवण्याआधी गंजात एक स्वच्छ काडी उभी बुडवून पाण्याची पातळी नखानं खुणवा आणि खाली अर्ध्यावर दुसरी खूण करा. अर्धं आटलं की नाही ते मग डोळ्यांच्या अंदाजावर सोडावं लागत नाही.

आच मंद. चुलीत लाकूड मागं ओढून घ्या. गॅस असेल तर सगळ्यात बारीक. झाकण नको, पाणी आटायचं आहे. १५-२० मिनिटांत ४०० चं २०० मिली होतं. भडक आचेवर पाणी सात-आठ मिनिटांतच उडतं, पान मात्र नीट उतरत नाही, आणि बुडाला लागलं तर काढा जळका लागतो. जुन्या पद्धतीत चौथाईपर्यंत आटवतात, पण त्यांची मात्राही वेगळी असते. घरच्यासाठी अर्धं पुरे.

तुळस आणि गवती चहा सुरुवातीला टाकण्याची चूक बहुतेक घरी होते. अडुळशाचा कडूपणा ज्यात आहे ते वासिसिन उकळून वाफेबरोबर जात नाही, म्हणून पान उघड्यावर आटवता येतं. तुळशीचा आणि गवती चहाचा वास मात्र उडणाऱ्या तेलाचा. म्हणून गंज खाली उतरवल्यावर ते घाला आणि पाच मिनिटं घट्ट झाकून ठेवा. मग दुहेरी फडक्यातून गाळा. गूळ गाळल्यावर. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर. दूध घालून चहा करू नका, चवीला ते काहीच लागत नाही.

मोठ्या माणसानं अर्धा कप, जेवणानंतर, सकाळी आणि रात्री, घोट घोट. तीन-चार दिवस, त्यापुढं नको. पाच वर्षांवरच्या लेकराला दोन चमचे. त्याहून लहानाला अडुळसा देऊ नका. वर्षाच्या वरच्या लेकराला झोपताना अर्धा चमचा मध कोमट पाण्यात चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यानं बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.

गरोदर बाईनं हा काढा घेऊ नये. अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. साखरेच्या पेशंटनं गूळ-मध सोडून प्यावा. कुणी ज्येष्ठमध घाला म्हणेल. घशाला बरं वाटतं, पण बीपी असणाऱ्याला नको. ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध वासिसिनवरूनच तयार केलेलं, आणि अँब्रोक्सॉल त्याचं भावंड. त्यामुळे त्यांचं सिरप सुरू असताना वरून काढा देऊ नका.

काढ्यानं घसा मऊ पडतो, चिकट कफ सुटायला थोडी मदत होते. एवढंच. दम्याचा पंप बंद करायचा नाही. अडुळसा असताना क्षयाच्या रोग्यानं खचायचं कशाला, अशा अर्थाचा एक जुना संस्कृत श्लोक सांगतात. त्या काळी दुसरं औषध नव्हतं. आज दोन आठवडे खोकला टिकला, थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरलं तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासायचा. तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत. लेकराचे श्वास घड्याळ लावून मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे ५०, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर चूल पेटवत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि कुटार (भुसा) उडत असताना तोंडाला दुपट्टा न बांधता मळणीवर उभं राहायचं, रात्री काढा प्यायचा, हे उलटं गणित आहे. स्वयंपाकघरात धूर कोंडत असेल तर आधी तो बाहेर काढा.

केलेला काढा त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी तो आंबूस लागतो.

पावसाळ्यासाठी पानं वाळवायची तर मार्चमध्ये. सावलीत, सुपात एकेरी पसरून, रोज उलटून. उन्हात टाकली तर पान तपकिरी होतं आणि वास जातो. मोडल्यावर कुरकुरीत तुटलं की काचेच्या बरणीत भरा, चुरा न करता. ओल्या ६ पानांच्या जागी वाळलेल्या पानांचा २ ते ३ ग्रॅम चुरा पुरतो. बुरशीचा वास आला की सगळी बरणी उकिरड्यावर.