ओठांवरील फोड: कारणे कशी ओळखावीत आणि उपचार कसा करावा

ओठावर फोड दिसला की हाताशी असेल ते मलम लावण्याची घाई करू नये. फोड नेमका कोठे आला आणि येण्यापूर्वी काय जाणवले, यावरच उपचार ठरतो. ओठाच्या कडेला आधी मुंग्या, खाज किंवा जळजळ जाणवली आणि एक-दोन दिवसांत तेथे पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला, तर तो बहुधा हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचा संसर्ग असतो. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की चेतातंतूंच्या गाठीत सुप्तावस्थेत राहतो आणि ताप, कडक ऊन, अतिश्रम, मानसिक ताण किंवा मासिक पाळी असे काही निमित्त मिळताच पुन्हा उफाळतो. म्हणूनच फोड वारंवार साधारण त्याच जागी येतात. जगातील ५० वर्षांखालील निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात तो असतो, तेव्हा नाव ऐकून संकोचण्याचे कारण नाही.

या फोडांवर असायक्लोव्हिरचे ५ टक्के मलम दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावतात. मुंग्या जाणवताच सुरुवात केली तरच त्याचा खरा उपयोग होतो. खपली धरल्यावर लावलेल्या मलमाने फारसे काही साधत नाही. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर विषाणूरोधक गोळ्या देतात. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही आणि निव्वळ स्टेरॉइड असलेले मलम संसर्ग वाढवू शकते, म्हणून ही दोन्ही स्वतःहून वापरू नयेत. ठणका असल्यास थंड ओली पट्टी किंवा पॅरासिटामॉल, कोरडेपणासाठी पेट्रोलियम जेली, इतके पुरते. उपचार केला नाही तरी फोड साधारण ७ ते १० दिवसांत बरे होतात.

त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत फोड फोडू नयेत, चुंबन टाळावे, टॉवेल, पेला किंवा लिपस्टिक कोणाशी वाटून घेऊ नये आणि मलम लावल्यावर हात धुवावेत, नाहीतर संसर्ग डोळ्यापर्यंत जाऊ शकतो. नवजात बाळासाठी तर हा विषाणू जिवावर बेतू शकतो. घरात बाळ असल्यास त्याचा मुका अजिबात घेऊ नये. ज्यांना उन्हाने त्रास उद्भवतो त्यांनी सूर्यकिरणांपासून संरक्षण देणारा लिप बाम नियमित लावावा.

खालच्या ओठाच्या आतील बाजूस न दुखणारी, मऊ, निळसर पुटकुळी असेल, तर ती ओठ चावल्याने लाळग्रंथीची वाट बंद होऊन झालेली असू शकते. नवी लिपस्टिक किंवा टूथपेस्ट वापरल्यानंतर ओठ सुजून खाजू लागले, तर ती वस्तू आधी बंद करून पाहावी. ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा मात्र बहुधा बुरशी, जिवाणू, लोह किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे पडतात. त्यांवर विषाणूरोधक मलम व्यर्थ आहे.

डोळा लाल होऊन दुखू लागला, प्रतिकारशक्ती कमी असली किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू खाणाऱ्यांनी न भरणाऱ्या जखमेकडे विशेष लक्ष द्यावे. नवे औषध सुरू केल्यानंतर ओठांबरोबर तोंडात, डोळ्यांत किंवा अंगावरही फोड उठले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.