थर्मोस्टॅट आणि घर बदलणारे आपण

दर ऑक्टोबरात मला एक तरी फोन येतो. "काका, भिंतीतून चार तारा निघाल्यात, कुठली कुठे लावू?" मुलगा इथल्या न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा पिस्कॅटवेचा असतो, पहिलं घर घेतलेलं असतं आणि सेलमधला स्मार्ट थर्मोस्टॅट (घराची हीट चालू-बंद करणारा, फोनला जोडलेला भिंतीवरचा डबा) खोक्यातून बाहेर काढलेला असतो. पुण्यात ट्यूबलाइट बदलायलाही वायरमन बोलावणारे आपण, इथे आलो की स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढतो. मीही चढलो होतो, म्हणून हसत नाही.

हे काम सामान यायच्या आधी करा. चावी मिळाल्यावर, दिवसाउजेडी, खोल्या रिकाम्या असताना. काही बिघडलं तर रात्री झोपायला भाड्याचं घर अजून हातात असतं. घर भाड्याचं असेल तर थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही, मालकाला सांगायचं.

इथल्या बऱ्याच घरांत बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पाटीचं एक बटण असतं. ते भट्टीचं, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राचं. दिव्याचं समजून पोरं ते बंद करतात आणि आपण रात्रभर कुडकुडत नव्या थर्मोस्टॅटला शिव्या घालतो. काम करताना मात्र ते मुद्दाम बंद करायचं, पॅनेलमधला ब्रेकरही पाडायचा. तारांत २४ व्होल्टच असतात, माणसाला काही होत नाही. पण 'आर' (वीज आणणारी) आणि 'सी' (वीज परत नेणारी) या तारा एकमेकींना टेकल्या की भट्टीच्या बोर्डावरचा फ्यूज उडतो. ३ किंवा ५ अँपियरचा, गाडीत असतो तसला चपटा. शनिवारी संध्याकाळी मेकॅनिक बोलावून तो बदलून घेणारे मी पाहिले आहेत. फ्यूजचे पैसे सुटे, मेकॅनिकच्या येण्याचे नोटांत. आणि जुन्या बोर्डावर फ्यूजच नसला तर ट्रान्सफॉर्मर जळतो.

झाकण काढल्यावर दोनच जाड तारा दिसल्या, टोकांना टोप्या घातलेल्या, तर झाकण परत लावा. तो भिंतीच्या कडेचा विजेचा हीटर, तिथे १२० किंवा २४० व्होल्ट असतात. इलेक्ट्रिशियन बोलवा.

बारीक तारा असल्या तर सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला ती ज्या स्क्रूखाली होती त्याचं अक्षर चिकटवा. रंग लिहू नका. लाल आर, पांढरी डब्ल्यू, पिवळी वाय, हिरवी जी, निळी सी हा नुसता रिवाज आहे. आधीच्या मालकाच्या मेव्हण्याने हाताला लागेल ती तार जोडलेली असते. सोडवलेल्या तारा पेन्सिलीला गुंडाळा, नाहीतर सुळकन भिंतीत जातात. इथली भिंत म्हणजे आत पोकळी आणि वर प्लास्टरचा पत्रा, आपल्यासारखी वीट नाही.

पाण्याच्या बॉयलरवर चालणाऱ्या जुन्या घरांत बहुधा दोनच तारा मिळतात. स्मार्ट थर्मोस्टॅटला बहुतेक वेळा तिसरी, 'सी', लागते. आधी भिंतीत मागे दुमडून ठेवलेली एखादी मोकळी तार आहे का बघा. नसली तर अठरा गेजची, पाच तारांची केबल आणा. पाचच, पुढे एसी लावाल तेव्हा परत भोक पाडावं लागणार नाही. जुन्या केबलला नवी बांधून बेसमेंटमधून ओढायची युक्ती सगळे सांगतात. केबल आत लाकडाला ठोकलेली असली तर ती हलत नाही. तिथे जोर लावू नका, तुटली तर दोन्ही गेल्या. यापेक्षा साधा प्रोग्रॅमेबल (वेळा ठरवून देता येणारा), बॅटरीवर चालणारा थर्मोस्टॅट लावा. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही तो कळतो.

जागा आतल्या भिंतीवरची, छातीच्या उंचीची. एका घरी थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली देवघर मांडलं होतं. नंदादीप त्याला ऊब द्यायचा, आणि बाकीचं घर गारठलेलं.

आता मूळ गोष्ट. जुन्या घरातला थर्मोस्टॅट काढून नेऊ नका. हे मी ११ हजार डॉलर देऊन शिकलो आहे.

जानेवारी २०१४. टाउनहाउस विकलं होतं, क्लोजिंगला, म्हणजे घर घेणाऱ्याच्या नावावर व्हायला, नऊ दिवस होते. सामान हललं त्या रात्री मी माझा दोनशे-अडीचशे डॉलरचा लाडका थर्मोस्टॅट उतरवला आणि तारांना टेप लावली. जुना उद्या येऊन लावू, असं म्हटलं. बायको म्हणाली, "अहो, आत्ताच लावा ना." मी थकलो होतो. उद्या नव्या घरात खोकी उघडण्यात गेला, परवाही. ७ जानेवारीला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात पारा ४ फॅरनहाइटवर आला, म्हणजे उणे साडेपंधरा सेल्सिअस. आमच्या रिकाम्या घरात बाहेरच्या भिंतीतला नळ गोठून फुटला. पाणी स्वयंपाकघराच्या छतातून खाली आलं. विमावाल्यांनी विचारलं, घरात हीट चालू होती का? मी खरं ते सांगितलं. त्यांनी हात वर केले.

घर रिकामं असलं तरी ५५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका. तारा लोंबत ठेवून रात्री घराबाहेर पडू नका, एकही रात्र नाही. नवा लावणं जमत नसेल तर जुना परत लावा आणि मग कुलूप घाला.

शिवाय भिंतीला स्क्रूने बसवलेली वस्तू घराबरोबर विकली जाते. घेणारा क्लोजिंगआधी घर बघायला येतो त्या शेवटच्या फेरीत भिंत बघतोच. न्यायचाच असेल तर विक्रीचे फोटो काढण्याआधी साधा बसवून टाका, किंवा करारात लिहून घ्या. न्यू जर्सीत एजंटने केलेल्या करारावर सह्या झाल्यावर वकिलाला तो तपासायला तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढ्यात सांगा.

मागे ठेवून जात असाल तर त्यातलं आपलं खातं पुसा. माझ्या एका मित्राला वर्षभर दुसऱ्याच्या घराचं तापमान फोनवर दिसत होतं.

आणि जुना गोल थर्मोस्टॅट निघाला, आत काचेच्या नळीत चांदीसारखा थेंब हलताना दिसला, तर तो पारा आहे. कचऱ्यात टाकू नका. काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, घातक कचरा घ्यायचे दिवस ठरलेले असतात, तोपर्यंत झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.