मुलाखतीआधी स्वतःचाच बायोडेटा परक्याच्या नजरेने वाचा

मुलाखतीतले बरेचसे प्रश्न तुमच्याच बायोडेटातून निघतात. म्हणून तो हातात घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा, म्हणजे नेमकं काय केलं? ‘टीमचं नेतृत्व केलं’ असं लिहिलं असेल, तर टीम किती जणांची होती, अडचण काय आली, तुम्ही स्वतः काय ठरवलं आणि त्यातून काय निष्पन्न झालं, हे दीड-दोन मिनिटांत सांगता यायला हवं. मनातल्या मनात नको, मोठ्याने बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका; स्वतःचा आवाज ऐकणं जिवावर येतं खरं, पण कुठे अडखळतो ते लगेच कळतं. जाहिरातीत मागितलेल्या कौशल्यांशी जुळणारे प्रसंग आधी घ्या. कपडे, कागदपत्रं रात्रीच काढून ठेवा.