जुन्या ओम्नीच्या फाउंडेशनचा हरवलेला बोल्ट कसा बसवावा

आमच्या देवगडच्या बाजूला जुनी ओम्नी म्हणजे घरातला सगळ्यात जास्त राबणारा गडी. एप्रिल-मेमध्ये मागची सीट काढून आंब्याच्या पेट्या, पाऊस लागला की खताच्या गोणी, गणपतीत मुंबईहून आलेली माणसं. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी २०१९ मध्ये बनायची थांबली, पण आमच्या रस्त्यांवरून काही ती हटलेली नाही.

माझ्या गाडीच्या क्लचप्लेटचं काम एका गॅरेजात करून घेतलं होतं. पुढच्या हंगामात पेट्या घेऊन फोंडा घाट चढताना दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की सीटखालून ‘धाड्’ असा आवाज यायला लागला. गाडी बंद करतानाही इंजिन एकदा अंग झटकायचं. खाली वाकून बघितलं तर फाउंडेशनच्या (इंजिन गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणाऱ्या रबरी बैठकीच्या) एका ब्रॅकेटला बोल्टच नव्हता, नुसतं भोक. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “एक बोल्ट नाय तर काय झाला? बाकीचे आसत मां!”

बाकीचे होते, तेही फार दिवस राहिले नसते. बोल्टवर इंजिन टांगलेलं असतं असं आपल्याला वाटतं, पण त्याचं खरं काम चिमट्याचं. तो दोन पत्रे करकचून दाबून धरतो आणि त्या दाबामुळे ते एकमेकांवर सरकत नाहीत. दाब गेला की पत्रा सरकतो, बोल्टच्या कमरेवर आडवा मार बसतो, भोक लांबट होतं आणि शेजारचा बोल्ट सैल पडायला लागतो. म्हणून नुसता ‘बसेल तो’ बोल्ट घालून चालत नाही. होता तसाच हवा, आणि तो का गेला हेही कळायला हवं.

आधी नीट बघून घ्या

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलून झाकण काढलं की वरचा भाग दिसतो. इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक रबरी फाउंडेशन आणि मागे गिअरबॉक्सखाली आडव्या पट्टीवर एक, अशी साधारण मांडणी. टॉर्च आणि आरसा लागतोच. दाढीचा जुना आरसा चालतो. प्रत्येक फाउंडेशनचे दोन भाग तपासा: रबर ते चासी आणि रबर ते इंजिन. बोल्ट कुठल्याही बाजूचा गेलेला असू शकतो.

रिकामं भोक बरंच काही सांगतं. आतून चकचकीत असेल तर बोल्ट नुकताच पडलाय. लाल गंज आणि वर मातीचा थर असेल तर गाडी कित्येक महिने अशीच फिरतेय. मग इतर बोल्टही संशयित धरा. भोक गोल न राहता अंड्यासारखं झालं असेल तर ब्रॅकेटच बदला. तिथे जाड वायसर लावून भागवणारे पुष्कळ भेटतात. मी तसं करत नाही.

भोकात बारीक तार घालून बघा. दोन-तीन मिलिमीटरवरच अडली तर बोल्ट पडलेला नाही, तुटून आत राहिलाय. तुकड्याचं टोक बाहेर असेल तर रस्ट रिमूव्हर मारून रात्रभर ठेवा आणि पकडीने हळूहळू फिरवा. आत बुडालेला असेल तर घरच्या ड्रिलने त्याच्यामागे लागू नका. ड्रिल वाकडं गेलं की आटेही जातात. ते काम लेथवाल्याचं.

रबरही हाताने दाबून बघा. तेल गळून फुगलेलं, भेगा पडलेलं किंवा लोखंडापासून सुटलेलं असेल तर नव्या बोल्टचाही तोच शेवट होणार. तेव्हा रबर आत्ताच बदलून टाका.

बोल्ट आणणं: खरी गंमत इथे

रिकाम्या हाताने दुकानात जाऊ नका. त्याच फाउंडेशनच्या दुसऱ्या बाजूचा जोडीदार बोल्ट नमुना म्हणून काढा. त्यासाठी इंजिनाला आधी खालून टेकू द्या (कसा ते पुढे सांगतो). तो बोल्ट खिशात असेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. दुकानात रिक्षाने जा.

आता मापाचं बघू. १० मिलिमीटरचा बोल्ट मागितला की साध्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा १.५ पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर) देतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत १० मिलिमीटरचा बोल्ट सहसा १.२५ पिचचा, म्हणजे बारीक आट्यांचा असतो. दिसायला दोन्ही सारखेच. चुकीचा दोन-तीन वेढे सरळ जातो, मग घट्ट होतो. आपल्याला वाटतं गंज आहे, आपण पान्याला जोर लावतो आणि भोकातले आटे फस्त.

ओळखायची युक्ती सोपी आहे. जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे अडकवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला नाही तर पिच एकच. जुना बोल्ट मिळालाच नाही तर नव्याचे आटे मोजा: १.२५ पिचला १० मिलिमीटरमध्ये ८ आटे, १.५ ला १५ मिलिमीटरमध्ये १०. दुसरी खूण डोक्याची. गाडीच्या मूळ १० मिलिमीटर बोल्टला बहुधा १४ चा पाना बसतो, हार्डवेअरच्याला १७ चा. ८ मिलिमीटरला मात्र दोन्हीकडे १.२५ पिचच चालतो, तिथे फसायची भीती कमी. पाना फक्त १२ ऐवजी १३ चा लागतो.

बोल्टच्या डोक्यावर काय कोरलंय तेही वाचा. ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा हवा. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसण्याची ताकद, आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. सुझुकीच्या मूळ बोल्टांवर बऱ्याचदा नुसता ७ आकडा असतो; तो मूळचाच असल्याने चालतो. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट गेटाच्या बिजागरीला वापरा.

किनाऱ्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे “स्टेनलेसचा टाक, गंजणार नाही.” होडीवर स्टेनलेस बघून बघून आपल्याला तो सगळ्यावरचा उपाय वाटतो. पण बाजारात सहज मिळणारा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो, आणि घट्ट आवळताना त्याचे आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. फाउंडेशनला झिंक चढवलेला ८.८ चा पोलादी बोल्टच बरा. गंजाचं बघता येतं, तुटल्यावर काय बघणार?

शेवटी लांबी. भोक आरपार नसेल तर जास्त लांब बोल्ट तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो आणि पत्रा मात्र सैलच राहतो. खोली मोजायला माडाच्या झावळीची एक हीर घ्या, भोकात टेकवा, तोंडाशी नखाने खूण करा. त्यात ब्रॅकेटची आणि वायसरची जाडी मिळवा, दोन-तीन मिलिमीटर वजा करा. गिअरबॉक्सचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिथे बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आटे आत जायला हवेत, म्हणजे १० मिलिमीटरला किमान १५.

कणकवली-कुडाळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मूळ बोल्ट बहुधा मिळतो. नाही मिळाला तर कोल्हापूरला उद्यमनगरात एक फेरी, किंवा भंगारातल्या ओम्नीचा काढून घ्या. आटे शाबूत असलेला जुना मूळ बोल्ट नव्या चुकीच्या बोल्टपेक्षा कधीही चांगला.

गाडीखाली जाण्याआधी

इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गॅसवर चालणारी गाडी असेल तर टाकीचा वॉल्व बंद करा. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा.

आमच्या अंगणातली माती पावसाळ्यात इतकी भुसभुशीत असते की जॅक वर जाण्याऐवजी खाली जातो. जॅकखाली रुंद फळी घाला, गाडी उचला आणि चासीखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चिऱ्याचा स्टँड करू नका. जांभा दिसतो दणकट, पण एका ठिकाणी भार आला की अचानक फुटतो.

दुसरा जॅक इंजिनाच्या ऑइल संपखाली, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याखाली. संपचा पत्रा पातळ, म्हणून मध्ये लाकडाची जाड फळी. जॅक फक्त टेकवायचा आणि वजन जेमतेम घ्यायचं. इंजिन उचलत बसलात तर पाइप, केबल आणि सायलेन्सरचा जोड ताणला जातो. आणि एका वेळी एकच फाउंडेशन सोडायचं.

बसवताना

भोकात रॉकेल किंवा डिझेल मारून तारेच्या ब्रशने साफ करा आणि पूर्ण कोरडं करा. आटे गंजलेले असतील तर त्याच पिचचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवा: अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. टॅप नसेल तर त्याच मापाच्या जुन्या बोल्टला हॅकसॉने उभ्या दोन-तीन खाचा पाडा. कचरा खाचांत गोळा होतो.

नवा बोल्ट बोटांनी लावा. निदान चार-पाच वेढे बोटांनीच गेले पाहिजेत. भोकं जुळत नसतील तर जॅक थोडा वर-खाली करा किंवा इंजिन बाजूला रेटा. बोल्टनेच इंजिन ओढून जागेवर आणायचा मोह होतो. आटे जातात ते बहुतेक याच वेळी. आट्यांवर निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल पडू नये म्हणून लावायच्या गोंदाचा) एक थेंब पुरे. लाल नको, पुढच्या माणसाला तो गरम केल्याशिवाय निघणार नाही. थ्रेडलॉकर लावलं तर ग्रीस लावू नका, दोन्ही एकत्र म्हणजे एकही नाही.

सगळे बोल्ट हाताने लागले की इंजिनाखालचा जॅक उतरवा, इंजिन आपल्या वजनाने बसू द्या, हाताने दोनदा हलवा आणि मगच आवळा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच वापरा. नाहीतर ८.८ च्या कोरड्या बोल्टला ८ मिलिमीटरसाठी साधारण २५ आणि १० मिलिमीटरसाठी ४५ ते ५० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २५ किलोचा जोर म्हणजे जवळपास ५० न्यूटन-मीटर. पान्याला पाइप जोडून लटकू नका.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. माझ्या गाडीवर ती गडद गुलाबी आहे, कारण घरात तोच रंग सापडला. मग गाडी सुरू करा. शेजाऱ्याला पुढे किंवा मागे नव्हे, बाजूला उभं करा. हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडा आणि इंजिन किती उचलतंय ते त्याला बघायला सांगा.

शंभरेक किलोमीटर झाले की रेघा बघा, पहिला घाट चढून आलात की पुन्हा बघा. वाळूवर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, आणि वाळल्यावर बोल्टच्या डोक्यांवर ब्रशने ग्रीसचा पातळ थर द्या, नेलपॉलिशची रेघ तेवढी मोकळी सोडून.