मुलांचा माउथगार्ड तोंडात टिकायला हवा, बॅगेत नाही

माझी मुलगी बास्केटबॉल खेळायला लागली तेव्हा मी तिला माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांना मार लागू नये म्हणून दातांवर बसवायचं कवच, आणून दिला आणि निश्चिंत झाले. पंधरा दिवसांनी बॅग धुवायला काढली तर तो डबीत तसाच, कोरा. विचारलं तर म्हणाली, "आई, तो बोलताना पडतो आणि मळमळतं." तिचं बरोबरच होतं, मापाचा नीट विचार मीच केला नव्हता. म्हणून सांगते, गार्ड कुठला घेतला यापेक्षा तो तोंडात कसा बसलाय यावर सगळं आहे, कारण नीट बसला नाही तर मूल तो काढून ठेवणारच.

कुठल्या खेळात लागतो? बॉक्सिंग, कराटे, हॉकी, रग्बी हे तर आहेच, पण बास्केटबॉल, फुटबॉल, कबड्डी, स्केटिंग यातही कोपर लागतं, डोक्यावर डोकं आपटतं, तोंडावर पडायला होतं. मार बहुतेक वेळा वरच्या समोरच्या दातांना बसतो, आणि ज्या मुलांचे हे दात जरा पुढे आलेत त्यांना धोका जास्त. हे कायमचे दात साधारण ७-८ व्या वर्षी येतात, म्हणजे नेमके मुलं जोरात खेळायला लागतात त्याच वयात.

गार्ड तीन प्रकारचे मिळतात. एक तयार मापाचा, तो स्वस्त असतो पण सैल, दात आवळून धरला तरच राहतो, मी तरी घेऊ नका म्हणेन. दुसरा गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा. तिसरा डेंटिस्ट दातांचं माप घेऊन बनवतात तो, सगळ्यात छान बसतो पण महाग, आणि वाढत्या वयात लवकर लहानही होतो. बऱ्याच मुलांचं दुसऱ्यावर भागतं. पण दातांना तारा लावल्या असतील तर घरी काही करू नका, मऊ झालेला गार्ड तारांमध्ये अडकतो, आधी डॉक्टरांना विचारा. दात जागेवर राहावेत म्हणून घालतात तो काढता येणारा रिटेनर असेल तर खेळायच्या आधी काढून ठेवायचा.

आता घरी बसवायचं कसं. गार्ड गरम न करताच एकदा तोंडात धरून बघा, मागे घशाकडे टोचत असेल तर टोकं कात्रीने थोडी थोडी कापा, एकदम जास्त नको. मग पाणी उकळा आणि पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद त्यात ठेवा. जास्त ठेवला तर तो पार लोळागोळा होतो. हे काम मोठ्यांनीच करायचं, चमच्याने बाहेर काढून क्षणभर गार पाण्यात बुडवायचा आणि आपल्या बोटाला चटका बसत नाही ना ते बघूनच मुलाच्या तोंडात द्यायचा. वरच्या दातांवर मधोमध बसवा, मुलाला हळू चावायला सांगा, जोरात चावलं तर खालचा भाग पातळ होतो. मग ओठ मिटून आतली हवा ओढून घ्यायची, जीभ टाळूकडे दाबायची, आणि तुम्ही बाहेरून ओठांवरून, गालांवरून बोटांनी दाबत राहायचं. आमच्याकडे पहिल्यांदा वाकडा बसला, परत गरम करून केला तेव्हा जमलं. शेवटी गार पाण्यात टाकून घट्ट होऊ द्या.

बसला का ते कसं कळणार? तोंड उघडल्यावर वरच राहायला हवा, बोलता यायला हवं, श्वास नीट घेता यायला हवा. मग घरात रोज थोडा वेळ घालून फिरू दे, टीव्ही बघताना वगैरे, थेट मॅचच्या दिवशीच डबीतून काढून घातला तर मूल वैतागतं. आणि प्रॅक्टिसलाही घालायचा हं, मार काय फक्त मॅचमध्येच लागतो असं नाही.

खेळून झालं की गार पाण्याने धुवा, ब्रशने घासा, भोकं असलेल्या डबीत ठेवा. गरम पाणी आणि ऊन नको, आकार बिघडतो. मुलांना तो चघळत बसायची फार सवय असते, मधूनमधून बघत जा, चिरला, पातळ झाला किंवा नवे दात येऊन घट्ट झाला की बदला. आणि गार्ड आहे म्हणून डोक्याला काही होणार नाही असं समजू नका, डोक्याला मार बसला तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवायचंच.

एवढं करूनही कायमचा दात मुळासकट पडलाच तर घाबरून वेळ घालवू नका. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको आणि घासायचा तर अजिबात नाही. माती लागली असेल तर दुधात नुसता विसळा आणि मूल शांत असेल तर लगेच त्याच जागी बसवून रुमाल चावायला द्या. नाहीच जमलं तर दुधात ठेवा, पाण्यात नको, आणि तसेच तडक डेंटिस्टकडे जा, अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर दात वाचायची आशा जास्त. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायला जाऊ नका, आत वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते, पण दाखवायला न्याच.