गोव्यात किनाऱ्याला राहून घरचं हलकं जेवण करताय? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. मी पेडण्याची, त्यामुळे पुण्या-मुंबईचे सगळे नातेवाईक गोव्याला यायचं ठरलं की आधी मला विचारतात, ताई कुठे राहू, काय खाऊ. आणि हल्ली तीन-चार वर्षं सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, हॉटेलचं तेलकट नको, किचन असलेली रूम घेतो, मासे आणतो, हलकं करून खातो आणि समुद्रावर निवांत बसतो. मला ऐकून खरंच बरं वाटतं. पण तिसऱ्या दिवशी परत फोन येतो की मासा तव्याला चिकटला, हुमण (नारळाच्या वाटणातली माशाची कढी) फुटलं, आज बाहेरूनच मागवतोय. हलकं म्हणजे तेल बंद आणि नारळ बंद असं धरून चालतात आणि तिथेच सगळं बिघडतं. आमच्या जेवणातलं नक्की काय कमी करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे एकदा कळलं की पुढे सोपं आहे.

मासा तव्याला चिकटतो

तेल कमी घातलं म्हणून चिकटला असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा मासा ओला असतो आणि तवा नीट तापलेला नसतो. मीठ, हळद, तिखट आणि थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की माशाला पाणी सुटतं, तसाच तो रव्यात घोळवला की रवा भिजून लगदा होतो, आणि तव्याची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यात जाते, म्हणजे मासा भाजत नाही, वाफवला जातो. म्हणून पाणी निथळून घ्या, रवा आणि थोडं तांदळाचं पीठ अगदी तव्यावर टाकायच्या वेळी लावा. लोखंडी तवा चांगला तापवा, चार तुकड्यांना दोन चमचे तेल पुरतं. मग मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नका, कडेला लालसर दिसलं की तो स्वतःच सुटून येतो. सारखं उलथनं घालून बघणं ही सगळ्यात मोठी चूक.

दुसरं म्हणजे कमी तेलात करायचं तर मासाही तसा निवडा ना. बांगडा आणि तारले यांच्या अंगातच तेल असतं, ते कोरडे पडत नाहीत. मुडदुशी किंवा पापलेट तेलाशिवाय भाजायला गेलात तर कापसासारखं लागतं. आणि हळदीची पानं मिळाली तर बांगड्याला ओलं वाटण लावून पानात गुंडाळून झाकणाखाली मंद आचेवर ठेवा, तेलाचा थेंब नको आणि वास असा सुटतो की शेजारचे विचारतात आज काय आहे.

हुमण फुटतं, नाहीतर पांचट होतं

माझ्या मावसबहिणीने नारळ जड म्हणून त्याऐवजी फॅट काढलेलं दूध घातलं, वरून सोलं (आमसुलं) टाकली आणि सगळं नासलं. नासणारच, दुधात आंबट पडल्यावर दुसरं काय होणार. दही घालतात त्यांचंही उकळताना तेच होतं. दूध-दही हुमणात घालूच नका. नारळ अर्धा करा, पण वाटण गंधासारखं बारीक वाटा, आणि चमचाभर तांदूळ अर्धा तास भिजवून त्यातच घाला, दाटपणा तांदूळ देतो. चौघांना एक नारळ लागत असेल तर असं अर्ध्यात भागतं आणि खाणाऱ्याला कळतसुद्धा नाही. बांगड्याच्या हुमणाला आमच्या घरी फोडणी नसतेच, म्हणजे तेल कमी करायचा प्रश्नच येत नाही! बाहेरून येणारे लोक सवयीने कांदा तेलात परतायला घेतात आणि मग म्हणतात तेल फार झालं.

तिरफळं (माशाला घालायचा आमच्याकडचा मसाला) मात्र टाळू नका. आतली काळी बी काढून टाका, ती कडू असते, वरची सालं थोडी चेचून मासा घालतानाच घाला. मासा सगळ्यात शेवटी, पाच-सात मिनिटं बास. डाव घालून ढवळायचं नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं.

शागुतीत काजू

हे कुठून आलं मला माहीत नाही, पण शागुतीत (भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्श्यात) खोबरं कमी करायचं म्हणून काजूची पेस्ट घालतात. अहो काजूही काही हलका नाही! उलट शागुतीची चव जाऊन पंजाबी ग्रेव्ही होते. खोबरं कोरडंच, तेल न घालता, मंद आचेवर चांगलं तपकिरी होईपर्यंत भाजा, घाई केली की कडा काळ्या होतात आणि कडवट लागतं. नीट भाजलेलं थोडं खोबरंसुद्धा पुष्कळ चव देतं. कोंबडीऐवजी मशरूम घ्या, फक्त मशरूमला स्वतःचं पाणी सुटतं हे लक्षात ठेवा आणि वरून पाणी ओतू नका.

सोलकढी सकाळी करून बीचवर नेणं

नारळाचं दूध गोव्याच्या उन्हात टिकत नाही, दुपारपर्यंत वास येतो आणि मग पोट बिघडतं आणि दोन दिवस फुकट जातात. बाटलीत भरून न्यायची तर फुटी कढी न्या. म्हणजे नारळ न घालता, सोलांचं पाणी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हिंग, कोथिंबीर. ही आमच्याकडे आधीपासूनच आहे, कोणी डाएटसाठी शोधून काढलेली नाही. आणि विकतचं आगळ वापरत असाल तर मीठ घालायच्या आधी चाखा, आगळात मीठ असतंच.

पोई, म्हणजे आमच्याकडचा पाव, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पोंपों करत येतो, त्याच्याकडून गव्हाच्या कोंड्याची पोई घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, वाफ धरून ती चिवट होते. सुती कापडात ठेवा, नंतर कोरड्या तव्यावर गरम करा. पातळ भाजीबरोबर याहून चांगला नाश्ता नाही. मिरचीची भजी मात्र ओव्हनमध्ये करू नका. तळलेली गरम एक खा आणि मनापासून खा, ओव्हनमधली ती वाळकी मिरची खाऊन कोणाचं समाधान होत नाही आणि मग रात्री चिप्सचं पाकीट फुटतं.

उकडे तांदूळ कुकरला दोन शिट्ट्या देऊन काढतात आणि मग म्हणतात कच्चे राहिले. ते आधी दोन-तीन तास भिजवा, भरपूर पाण्यात सावकाश शिजवा. सकाळी दहा-अकराला त्याची पेज, बरोबर किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) किंवा कैरीचं लोणचं, उन्हातून आल्यावर याच्यासारखं पोटाला काही नाही.

कुठला मासा, कधी

जुलैत येऊन ताजी सुरमई मागणारे दरवर्षी भेटतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तेव्हा दिसणारी मोठी मासळी बहुधा बर्फातली असते. त्या दिवसांत सुक्या बांगड्याचं, सुक्या सुंगटाचं (कोळंबीचं) करा, टाकळ्याची भाजी करा, अळू करा. आणि एरवीसुद्धा सुरमई-पापलेटचा हट्ट सोडा, लेपो, वेर्ली, तारले, तिसऱ्या घ्या, स्वस्त पडतं आणि ताजं मिळायचा चान्स जास्त. कल्ले लाल, डोळे वर आलेले, बोट दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. तिसऱ्यांच्या शिंपल्या बंद हव्यात, आणि शिजवल्यावरही ज्या उघडत नाहीत त्या टाकून द्या.

चार दिवसांत सगळा गोवा

आता जेवणाइतकीच महत्त्वाची गोष्ट. उत्तर टोकाच्या केरीपासून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत रस्त्याने शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि लोक सकाळी हरमल, दुपारी पणजी, संध्याकाळी पाळोळे असा प्लॅन करतात, मग स्वयंपाक कधी करणार आणि समुद्र कधी बघणार? दमून आलं की बाहेरचं तेलकटच मागवलं जातं, यात त्यांचा दोष नाही, प्लॅनचा आहे. एक टोक धरा. मोर्जी-मांद्रे बाजूला राहायचं तर पेडणे किंवा थिवी स्टेशन, विमानाने मोपा. बाणावली-वार्काला मडगाव स्टेशन किंवा दाबोळी विमानतळ, आगोंद-पाळोळ्याला तुमची गाडी थांबत असेल तर काणकोण. मोपा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून स्वस्त तिकीट दिसलं की लोक तेच काढतात आणि रूम घेतात काणकोणात, मग टॅक्सीत अडीच-तीन तास आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

किचन नीट विचारून घ्या. फोटोत किचन दिसतं आणि प्रत्यक्षात एक इंडक्शन आणि कॉफीची किटली असते. खवणी किंवा मिक्सर आहे का, लोखंडी तवा आहे का, फ्रीज आहे का, हे फोनवरच विचारा. आणि शेगडी घेऊन किनाऱ्यावर जेवण करू नका, बीचवर उघड्यावर स्वयंपाकाला बंदी आहे, दंड होतो.

समुद्राबद्दल मी कडक बोलते, कारण इथे वाढले आणि बरंच बघितलंय. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. दारू पिऊन नाही, लाइफगार्ड गेल्यावर नाही. पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे या. बारा ते चार उन्हात फिरूच नका, जेवा आणि झोपा, इथली माणसंही तेच करतात.

आणि एक, रात्रीचं उरलेलं हुमण टाकून देतात बघा, जीव तुटतो. मासा काढून घ्या, रस फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी मंद आचेवर आटवून दाट करा. ही काल्ची कडी. पोदेराची गरम पोई त्यात बुडवून खा.